टॅपेट कव्हरची पैज

खरं तर मी काच धुवायच्या टाकीत पाणी घालायला म्हणून गाडीचं बॉनेट उघडलं होतं. पाणी घालायचं, बॉनेट आपटायचं आणि वर येऊन चहा प्यायचा, एवढाच बेत. पण नजर इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावर गेली. (त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. हे मला त्याच दिवशी कळलं, पण बायकोला मी ते पाळण्यात असल्यापासून माहीत असल्यासारखं सांगितलं.) रंगाचे पापुद्रे सुटले होते, कडेला तेलाचा राप चढला होता.

"ते झाकण मी घासून आरशासारखं करणार," मी वर येऊन जाहीर केलं.

"अर्धं?" बायकोनं विचारलं.

हा शब्द मी वीस वर्षं ऐकतोय. आमच्या घरात एकाच ब्रॅकेटवर तिरकी उभी असलेली फळी आहे. आतून निळा आणि बाहेरून जुनाच तपकिरी राहिलेला बाथरूमचा दरवाजा आहे. एका बाहीचा स्वेटरही आहे (तो काळच वेगळा होता). या प्रत्येकामागे सबळ कारण आहे, पण बायको कारण ऐकून घेत नाही, पाहुण्यांना थेट फळी दाखवते.

त्या दिवशी मात्र माझं टाळकं सरकलं. "आणि पूर्ण करून दाखवलं तर?"

"तर तो शब्द जन्मात तोंडातून काढणार नाही. मुदत एक महिना. नाही जमलं, तर तुमची हत्यारांची पेटी माळ्यावर. कायमची!"

मुलीनं लगेच कॅलेंडरवर तारखेभोवती गोल काढला. जरा जास्तच उत्साहानं काढला.

गॅरेजमध्ये मी बोट दाखवलं ते कव्हर मिस्त्रींनी खोलून माझ्या हातात दिलं. "साहेब, पावडर कोटिंगला टाका. दोन दिवसांत भट्टीतून नवंकोरं निघेल."

"मग माणसाला हात कशाला दिलेत?"

"बरं. पण साहेब, ते दुसरं..."

"एक शब्द नको!" मी म्हणालो. (बायकोनं यांचेही कान भरलेले दिसत होते.)

बाल्कनीत माझा कारखाना सुरू झाला. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. अ‍ॅल्युमिनियमची काळी पूड उशीवर, रिमोटवर, टूथब्रशवर जाऊन बसली. रात्री फ्रिज कोणी उघडला होता, हे विचारायची कुणाला गरज उरली नाही.

नवव्या दिवशी ड्रिल मशीनला कापडी चाक लावलं, त्यावर पॉलिशची पेस्ट फासली आणि बटण दाबलं. पेस्ट किंचित जास्त झाली असावी. काळी रेघ जमिनीवरून निघाली, भिंत चढली, छतावरून फिरली, वाळत घातलेल्या चादरीवरून उतरली आणि 'कुठवर आलं?' असं विचारायला आलेल्या बायकोच्या कपाळावर येऊन थांबली.

"एक रेघ तरी पूर्ण मारलीत," ती म्हणाली.

मी घासत राहिलो. बाविसाव्या दिवशी कव्हरमध्ये बघून दाढी केली (गालावर दोनच ठिकाणी कापलं) आणि घरच्या दोघींना घेऊन गॅरेज गाठलं.

मिस्त्रींनी नवं गॅस्केट घालून कव्हर बसवलं, बोल्ट आवळले. त्यावर ऊन पडलं आणि आम्ही सगळ्यांनीच डोळे किलकिले केले. बायको वाकली. तिला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. तिनं केसांची बट कानामागे सारली आणि काही बोलली नाही. तिच्या या न बोलण्याची मी वीस वर्षं वाट पाहत होतो.

"हरले मी," ती म्हणाली. "तो शब्द आजपासून बंद."

"काय मिस्त्री!" मी छाती काढून वळलो. "बघितलेत माणसाचे हात?"

"झकास झालंय," मिस्त्री म्हणाले. "मागचं कधी आणताय?"

"मागचं काय?"

त्यांनी टॉर्च मारला. पाइपांच्या जंजाळाखाली, पार आत, माझ्या कव्हरचा जुळा भाऊ बसला होता. तेच पापुद्रे, तोच राप.

"तीन सिलिंडर पुढे, तीन मागे. दोन झाकणं असतात, साहेब. त्या दिवशी तेच सांगत होतो, तर तुम्ही म्हणालात, एक शब्द नको."

"पण ते दिसतंय कुणाला?" मी आवाज चढवला. "जे दिसत नाही ते धरायचं नाही!"

बायको शब्दाची पक्की. तिनं तोंड उघडलं, मिटलं, क्षणभर विचार केला.

"पन्नास टक्के," ती म्हणाली.

"काढा तेही!" मी गरजलो.

"त्याला वरचं सगळं उतरवावं लागेल, साहेब."

"उतरवा! अख्खं इंजिन उतरवा!"

आज एकोणतिसावा दिवस. बायको महिनाभर बसनं ऑफिसला जातेय. मागचं कव्हर माझ्या मांडीवर आहे, बोटांची सालटी निघाली आहेत आणि मी मागे हटणार नाही, हे इथे लेखी देतो. मुलीनं माळ्याला शिडी लावून ठेवली आहे. ठेवू दे!

मघाशी बायको चहा घेऊन आली आणि कव्हरवर वाकली. डावीकडे तिचा गाल लख्ख दिसत होता, उजवीकडे पापुद्रे.

"किती?" मी ताठ मानेनं विचारलं.

"पंच्याहत्तर टक्के," ती म्हणाली आणि शिडी डगमगत तर नाही ना, ते हलवून बघून आत गेली.