गैरहजर कप्तान

"आपल्या घरचं कोणी तरी जा वं सभेले," कुसुमावती म्हणाल्या. "नाही तं कप्तानी आपल्याच गळ्यात येईन."

रोशनीने पायात चपला सरकवल्या. आईची भीती निराधार नव्हती. प्रतापनगरातल्या त्यांच्या वस्तीत नको असलेलं प्रत्येक काम गैरहजर माणसाला देण्याची पद्धत होती. गणपतीची वर्गणी असो, पाण्याच्या टाकीची सफाई असो, अध्यक्ष नत्थूजी चष्म्यावरून सगळ्या खुर्च्या न्याहाळत आणि विचारत, "कोन नाही आलं?" नाव निघालं की टाळ्या पडत. टाळ्या पडल्या की ठराव मंजूर. नत्थूजी तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले होते, आणि त्यांच्या मते मंजूर ठराव पुढल्या वर्षीच्या सभेशिवाय ब्रह्मदेवालाही बदलता येत नसे.

मनीषनगरच्या संघाबरोबर दर जानेवारीत दोन दिवसांची मॅच व्हायची. पांढरे कपडे, लाल चेंडू, प्रत्येकी एक डाव. तिची कप्तानी रोशनीचे वडील भैयाजी धकाते यांच्याकडे वर्षानुवर्षं होती, कारण ते नेमके त्याच सभेला गैरहजर राहत. घरी पलंगावर कान टवकारून बसत आणि मैदानाकडून टाळ्या ऐकू आल्या की म्हणत, "घ्या! पुन्हा माह्यावरच ढकलली." मग संध्याकाळभर त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नसे.

भैयाजी दिवाळीच्या आधी गेले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. त्यानंतर वस्तीने एक मूक करार केल्यासारखं केलं. रोशनीसमोर त्यांचं नाव कोणी काढत नसे. माणसं भाज्यांचे भाव बोलत, थंडीबद्दल बोलत, आणि भैयाजींच्या नावापाशी आली की वळसा घालून पुढे जात. त्यामागे माया होती, हे तिला कळत होतं. घरी आल्यावर मात्र दिवसभर कोणी आपल्याशी बोललंच नाही असं तिला वाटे.

त्या वर्षी सभेला खुर्च्या कमी पडल्या. एरवी पाचसहा माणसं यायची. आज कधी तोंड न दाखवणारेही ताप असताना मफलर गुंडाळून आले होते. दोन दिवस अकरा माणसं गोळा करायची, त्यांना उन्हात उभं ठेवायचं, त्यांच्या बायकांची बोलणी खायची, हे कोणालाच नको होतं.

भूपेशने सुरुवातीलाच मुद्दा मांडला. तो जमिनी आणि फ्लॅटचे सौदे करायचा आणि दर रविवारी जाळीतल्या टर्फवर सहा ओव्हरचं बॉक्स क्रिकेट खेळायचा.

"नत्थूजी, दोन दिवस मॅच कोन पाहते आता? मागच्या साली दुसऱ्या दिवशी जेवण झालं अन् मनीषनगरवाले घरी निघून गेले. त्याच्या आधीच्या साली आपलेच सात जण उरले होते. सहा ओव्हरची ठेवा, लाईट लावू, डीजे लावू. दीड घंट्यात खतम."

थोडा वाद झाला. शेवटी ठरलं की ही शेवटची संधी. या वेळी दोन्ही संघ दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत खेळले तर मॅच राहील, नाही तर पुढल्या वर्षीपासून सहा ओव्हर. रोशनीने मांडीवरचे हात घट्ट धरले. घरात वडिलांच्या वस्तू पुष्कळ होत्या, पण घराबाहेर त्यांचं म्हणावं असं एवढंच होतं.

"आता कप्तान," नत्थूजी म्हणाले. "कोन नाही आलं?"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे होते. मोबाईल दुरुस्त करणारा पिंटू, ज्याच्या डोक्यातून विचार आधी तोंडात यायचा, मागून म्हणाला, "भैयाजीच नाही आले."

मग कोणी तरी सुटकेच्या भरात टाळी वाजवली, भूपेशने जोरात साथ दिली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कप्तानच नसला तर मॅच आपोआप बारगळेल, हा हिशेब भूपेशने त्या एका टाळीत केला होता.

"अरे बापा, ते वारले ना गा!" कोणी तरी ओरडलं.

"टाळ्या पडल्या," नत्थूजी खिन्नपणे म्हणाले. "ठराव मंजूर."

सगळे रोशनीकडे पाहू लागले. ती रडेल असं त्यांना वाटलं असावं. पण दिवाळीनंतर पहिल्यांदा भर सभेत कोणी तरी तिच्या वडिलांचं नाव घेतलं होतं.

"मले चालते," ती म्हणाली.

मॅचच्या सकाळी लाऊडस्पीकरवर नत्थूजींनी जाहीर केलं, "प्रतापनगर, कप्तान भैयाजी धकाते!" मनीषनगरचा कप्तान प्रज्वल बँकेत अधिकारी होता आणि सहीशिवाय कशावर विश्वास ठेवत नसे. तो नाणं घेऊन मधोमध उभा राहिला.

"कप्तान कुठं हायेत?"

"नाहीत," नत्थूजी म्हणाले.

"लेट येऊन राहिले काय?"

"आता येत नाहीत ते."

प्रज्वलला सगळं समजावून सांगायला बराच वेळ गेला. शेवटी नाणं रोशनीने उडवलं. प्रज्वलने छापा मागितला, काटा पडला.

"आता बॅटिंग का बॉलिंग, हे कोन सांगन?"

"बॅटिंग," रोशनी म्हणाली. "बाबा नेहमी बॅटिंगच घ्यायचे. सकाळी आपली माणसं पूर्ण नसतात. बॅटिंगले दोघं पुरतात."

खरोखर तेव्हा प्रतापनगरचे चौघेच आले होते. भूपेशने स्वतःहून पहिला नंबर मागितला. त्याचा बेत साधा होता. आल्या चेंडूला बॅट फिरवायची, आऊट व्हायचं, मागचेही तसेच होतील, आणि दुपारी मॅच आटोपेल. पहिल्या चेंडूला त्याने डोळे मिटून बॅट घातली. चेंडू नाल्यापलीकडे गेला. दुसऱ्यालाही तेच झालं. तिसऱ्या वेळी झेल उंच उडाला, पण पकडणारा मोबाईलवर बोलत होता.

"आऊट कर ना बे मले!" भूपेश बॉलरवर खेकसला.

"तू सिक्स मारून राहिला, मी काय करू?"

असं करता करता भूपेशचे पन्नास झाले. सहा ओव्हरच्या क्रिकेटमध्ये त्याने आयुष्यात कधी पंचवीसच्या वर मजल मारली नव्हती. बॅट उंचावल्यावर टाळ्या पडल्या आणि त्याच्या चेहऱ्यात काही तरी बदललं. पुढचा चेंडू त्याने मान खाली घालून, दोन्ही पाय जुळवून, नम्रपणे अडवला.

"हे काय करून राहिला गा?" समोरच्या टोकाहून विचारणा झाली.

"चूप बस. सेट होऊन राहिलो."

तिसऱ्या प्रहरी भैयाजी एरवी डाव घोषित करत, म्हणजे दुसऱ्या संघाला पुरेसा वेळ मिळे. प्रज्वलने हाच मुद्दा काढला. "डिक्लेअर करा ना आता!"

"डिक्लेअर कप्तानच करू शकते," भूपेश क्रीझमधून म्हणाला. "भैयाजी सांगतीन तं येतो मी."

नत्थूजींनी मान डोलावली. नियम नियमच होता. पहिल्या दिवशीचं ऊन उतरलं तेव्हा भूपेश नाबाद होता आणि मनीषनगरवाले कमरेवर हात ठेवून उभे होते.

रात्रीतून ही गोष्ट मोबाईलवरून सगळीकडे गेली. कप्तान वर, टीम खाली, डाव संपता संपत नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाला माणसांची कड लागली. तर्री-पोह्याचा ठेला आपोआप येऊन उभा राहिला. बायका चटया घेऊन कोवळ्या उन्हात बसल्या आणि तुरीच्या हिरव्या शेंगा सोलू लागल्या. कुसुमावतीही त्यांच्यात होत्या.

"अशी मॅच पाहिजे," त्या म्हणाल्या. "त्या बॉक्सवाल्या मॅचीत पावभर शेंगा सोलून होत नाहीत."

सगळ्यांच्या तोंडी भैयाजींचं नाव होतं. भैयाजी असते तर असं झालं नसतं. भैयाजी असते तर असंच झालं असतं. या भैयाजींनी जाता जाताही आपल्याला कामाला लावलं. मनीषनगरच्या एका घामेजलेल्या बॉलरने तर त्यांना शिवीही दिली. रोशनीने ती नीट ऐकली. तिला ती आवडली.

पण मैदानात प्रकरण गंभीर होत होतं. भूपेश सत्त्याण्णववर पोचला आणि तिथे रुतला. शतक दिसायला लागल्यावर त्याचा धीर सुटला. येईल तो चेंडू तो अडवू लागला. समोर आठ गडी बाद झाल्यावर आलेला पिंटू होता; त्याला बॅट कशी धरायची हेच पक्कं ठाऊक नव्हतं, पण भूपेशने त्याला हलायचं नाही अशी ताकीद दिली होती. धावफलक अर्धा तास थांबला. मग मनीषनगरचे दोन खेळाडू सीमारेषेवरून सरळ आपल्या गाडीकडे गेले आणि डिकी उघडून किट आत ठेवू लागले.

प्रज्वल रोशनीकडे आला. "ताई, मी थांबवू नाही शकत. जेवणानंतर आम्ही निघालो. आमची बॅटिंगच येत नसन तं काहून थांबावं?"

ते निघाले की मॅच अपुरी, आणि मॅच अपुरी राहिली की पुढल्या वर्षी डीजे. रोशनीने डिकीकडे पाहिलं, मग खेळपट्टीवरच्या भूपेशकडे.

"नत्थूजी," ती म्हणाली, "तहसीलमध्ये माणूस वारला तर त्याचा हक्क कोनाले जाते?"

नत्थूजींचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि लाऊडस्पीकर हातात घेतला.

"मयताचा हक्क वारसाले! कप्तान भैयाजी धकाते यांचे वारस दोन. पत्नी कुसुमावती अन् कन्या रोशनी. कुसुमावतीबाई, तुमची संमती?"

"तिलेच द्या," कुसुमावती मान वर न करता म्हणाल्या. "माह्या शेंगा राहिल्या हायेत."

"कोनाची हरकत?"

"माही हाये!" खेळपट्टीवरून भूपेश ओरडला.

"हरकत इथं टेबलापाशी येऊन नोंदवावी लागते."

भूपेशने एक पाऊल पुढे टाकलं. मागे यष्टिरक्षक हातात चेंडू घेऊन आशेने वाकलेला त्याला दिसला. बॉलरने नुकताच टाकलेला चेंडू अजून जिवंत होता; क्रीझ सोडली की आऊट. भूपेशने पाऊल मागे घेतलं.

"हरकत नाही," नत्थूजींनी जाहीर केलं. "रोशनी धकाते कप्तान!"

रोशनी चालत मैदानात गेली. दोन्ही हातांनी तिने परत यायची खूण केली. ती अगदी भैयाजींसारखीच झाली, हे तिच्या लक्षात आलं नाही. चटयांवरच्या बायकांच्या मात्र आलं, आणि शेंगा सोलणारे हात थांबले.

"ताई! तीन रन!" भूपेश बॅट आपटत आला. "तीनच! तुम्हाले दया नाही येत काय?"

"अर्ध्या घंट्यापासून तीनच हायेत, भूपेश. दुसऱ्याची बॅटिंग खाऊ नये."

"शंभर व्हायचे होते माहे!"

"हे घे," तिने नवा चेंडू त्याच्या हातात ठेवला. "राग आला ना? मंग जेवण झाल्यावर पहिली ओव्हर तूच टाक."

डिकीतली किट बाहेर आली. मनीषनगरपुढे दोनशे बारा धावांचं आव्हान होतं आणि दुपार आख्खी पडली होती. बॉक्स क्रिकेटमध्ये एकच ओव्हर टाकून दमणारा भूपेश एका टोकाने थांबेचना. त्याला सत्त्याण्णवचा सूड घ्यायचा होता. कोणावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं. रोशनीने त्याला दोनदा विश्रांती घ्यायला लावली आणि दोन्ही वेळा तो सीमारेषेवर येरझारा घालत, "मले द्या ना आता!" असं ओरडत राहिला. एकदा मनीषनगर जिंकणार असं दिसलं. मग पटापट तीन गडी गेले आणि जिंकणं सोडून त्यांनी तग धरायचं ठरवलं. ज्यांनी चेंडू अडवणं ही भित्र्याची गोष्ट मानली होती अशी पोरं आता प्रत्येक अडवलेल्या चेंडूला शिट्ट्या वाजवत होती.

सूर्य पाण्याच्या टाकीमागे गेला तेव्हा प्रज्वल आणि शेवटचा जोडीदार टिकून होते. शेवटची ओव्हर उरली होती. रोशनीने सीमारेषेवरची सगळी माणसं आत बोलावली आणि प्रज्वलभोवती उभी केली, इतकी जवळ की तो म्हणाला, "ताई, हे काय, माहेराहून न्यायला आल्यासारखे उभे केले!"

"उजेड कमी हाये. एकट्याले भीती वाटन म्हणून."

भूपेश धावत आला. चौथ्या चेंडूवर प्रज्वलची बॅट किंचित पुढे गेली, चेंडू कडेला लागून उडाला आणि पिंटूच्या पोटात शिरला. पिंटूने तो दोन्ही हातांनी तिथेच दाबून धरला आणि घाबरून खाली बसला. मग त्याच्या अंगावर दहा माणसं पडली, त्यांच्यावर बायकापोरं पडली, आणि लाऊडस्पीकरवर नत्थूजी काय बोलत होते ते कोणालाच ऐकू आलं नाही. प्रज्वलने जाऊन रोशनीचा हात हातात घेतला. "काकांनी हरवलं असतं तं एवढं लागलं नसतं," तो म्हणाला, आणि हसला.

गर्दी ओसरल्यावर नत्थूजी टेबलापाशी बसले. "मॅच पूर्ण झाली. म्हणजे राहिली. तरी पण भूपेश, तुझा सहा ओव्हरचा प्रस्ताव सभेपुढे ठेवायचा असन तं सांग."

धुळीने माखलेला भूपेश पायावर बर्फ धरून बसला होता. "कोनता प्रस्ताव? सहा ओव्हरीत माणसाचे शंभर होते काय? उलट दोन दिवस कमी पडून राहिले. तीन दिवसांची करा."

रोशनीला हसू आवरेना. दिवाळीनंतर तिला असं हसताना आईने पहिल्यांदाच पाहिलं.

"तीन रनांसाठी तीन दिवस, भूपेश?"

"दिवसाले एक," भूपेश गंभीरपणे म्हणाला. "घाई काहून करावी?"