बॅकअप सरांनी पुसलेलं कार्ड

“फॉरमॅट म्हणजे काही भूत नव्हे. एवढं घाबरायचं कारण नाही,” असं म्हणत सरांनी कॅमेऱ्याचा मेनू मोठ्या पडद्यावर आणला आणि वर्गातल्या सगळ्यांनी आपापले कॅमेरे पोटाशी धरले. वर्ग डिजिटल फोटोग्राफीचा, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरणारा. विद्यार्थी बहुतेक नोकरीतून सुटलेले आणि नातवंडांच्या तावडीत अजून न सापडलेले. त्यांना कॅमेऱ्याची सगळी बटणं चालत, पण ज्याच्यावर काहीतरी पुसण्याचं चित्र असे त्या बटणाला कुणी बोट लावत नसे.

सरांना सगळे ‘बॅकअप सर’ म्हणत. विषय उजेडाचा असो, लेन्सचा असो, नाहीतर पाळण्यातल्या बाळाचा फोटो कसा काढायचा याचा असो, तास संपता संपता सरांची गाडी फोटोंच्या दुसऱ्या प्रतीवर येऊन थांबायची. “फोटो एकाच ठिकाणी ठेवणारा आणि फोटोच न काढणारा, दोघांत फरक एवढाच की पहिल्याला रडायला निमित्त असतं!” हे वाक्य वर्गाला पाढ्यासारखं पाठ होतं.

“आता बघा. हे माझं कार्ड. ह्यात आमच्या मांजराच्या फोटोंशिवाय काही नाही. पण तरीसुद्धा, ओके दाबायच्या आधी कार्डात काय आहे ते डोळ्यांनी बघायचं!” सरांनी हा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि न बघताच ओके दाबलं.

कार्ड क्षणात रिकामं झालं. “झालं की नाही? कुणी मेलं का?” म्हणत सरांनी उत्साहाच्या भरात पंखा, खुर्च्या आणि पहिल्या रांगेतल्या दंतवैद्यबाई यांचे धडाधड पंचवीस-तीस फोटोही काढले. टाळ्या पडल्या. सरांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि रुमालाबरोबर खिशातून एक कार्ड टुपकन टेबलावर पडलं. त्यावर लाल चिकटपट्टी होती. मांजर त्या कार्डात होतं.

मग कॅमेऱ्यात कुणाचं कार्ड होतं? सरांना आठवलं आणि तोंडचं पाणी पळालं. वर्ग सुरू व्हायच्या आधी वर्गातल्या विमाकाकांनी फोटो छापून आणायला म्हणून त्यांच्या तळहातावर एक कार्ड ठेवलं होतं आणि दोन्ही हातांनी सरांची मूठ मिटली होती. “सांभाळा हं सर. वर्षभराचा जीव आहे ह्याच्यात.” आणि सरांनी गडबडीत तेच कॅमेऱ्यात सरकवलं होतं.

विमाकाकांनी जन्मभर विमा विकला. ‘उद्याचं काय सांगता येतंय?’ असं म्हणून त्यांनी अख्ख्या गावाला घाबरवलं होतं, पण स्वतःच्या फोटोंची दुसरी प्रत मात्र कधी केली नव्हती. वर्षभर रोज सकाळी ते तळ्यावर जाऊन खंड्या पक्ष्याची वाट बघत बसले होते आणि त्यातून निवडलेले वीस-बावीस फोटोच कार्डात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये वर्गाचं प्रदर्शन होतं. बाकीच्यांना एकेक फळी आणि काकांना अख्खी भिंत. आयुष्यात पहिल्यांदा काकांचं नाव पावतीपुस्तकाबाहेर कुठेतरी लागणार होतं.

“सगळ्यांनी जिन्यात जा,” सर एकदम म्हणाले. “कठड्यावरचा उजेड टिपा.”

“सर, जिन्यात उजेड नाहीये,” दंतवैद्यबाई म्हणाल्या.

“मग अंधार टिपा!”

वर्ग जिन्यात गेला. काका मात्र मागे रेंगाळले. “सर, खंड्या मासा पकडतो ना, तो फोटो जरा मोठाच छापा. हिनं तिच्या तिन्ही बहिणींना बोलावलंय. घरात मला म्हणते, पक्ष्यांच्या नादानं माणसातून उठलात. आणि फोनवर सांगते, आमच्या ह्यांची अख्खी भिंत आहे!”

हीच ती वेळ होती खरं सांगायची. पण काकांचा चेहरा असा काही फुलला होता की सरांनी मान डोलावली. “मोठा ना? हो हो. मोठाच छापू,” ते म्हणाले आणि स्वतःच्या हातानं स्वतःसाठी खड्डा खणून मोकळे झाले.

खड्डा मोठा व्हायला वेळ लागला नाही. सर घरी पोचतात तोच काकांचा फोन, “सर, दारासारखी मोठी फ्रेम आणलीय!” पाठोपाठ काकूंचा. काकूंचा आवाज फोन कानापासून लांब धरूनही शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. “सर, मोठा फोटो बरोब्बर मधोमध लावा. आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान येतायत. त्यांना लग्नाच्या जेवणातसुद्धा खडा सापडतो. त्यांचं तोंड बंद झालं पाहिजे, सांगून ठेवते!”

“होईल, होईल,” सर म्हणाले. त्यांचं स्वतःचं तोंड तर आधीच बंद झालं होतं.

सरांच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “तुम्ही? बॅकअप सर?” एवढं विचारून ती हसायला लागली ती थेट खुर्चीत बसली. “लोका सांगे ब्रह्मज्ञान!”

“हसू नकोस गं. माणसाचं वर्ष गेलंय माझ्यापायी.”

“मग इथे कपाळ धरून काय बसलात? पुसलेलं परत आणायचं शिकवता ना तुम्ही? पुढच्या महिन्याचा धडा आहे म्हणे.”

तसा तो होताच. कार्ड पुसलं तरी फोटो लगेच जात नाहीत. फक्त त्यांचे पत्ते जातात. त्यांच्या जागेवर नवा फोटो येऊन बसेपर्यंत ते तिथेच पडून असतात आणि ते उकरून काढणारं सॉफ्टवेअर मिळतं. सरांनी कार्ड संगणकाला लावलं, सॉफ्टवेअर सुरू केलं आणि जेवताना पहिल्यांदाच मीठ कमी आहे की जास्त याची तक्रार केली नाही.

सकाळी फोटो परत आले होते. पण नशीब बघा, सरांनी वर्गात उत्साहानं काढलेले ते पंखे, खुर्च्या आणि दंतवैद्यबाई नेमके खंड्याच्या डोक्यावर जाऊन बसले होते. कुठे नुसती चोच, कुठे नुसती शेपटी. मासा पकडतानाच्या फोटोत मासा ठणठणीत होता आणि पक्ष्याच्या जागी राखाडी पट्टा. वर्षभराच्या तपश्चर्येतून एक धड पक्षी हाती लागला नाही. सरांना भडभडून आलं. त्यांनी काकांना फोन करून घरी बोलावलं आणि ते दारातून आत येताच, बसाही न म्हणता, सगळं सांगून टाकलं.

काका खुर्चीवर टेकले. पडद्यावरच्या राखाडी पट्ट्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “एक मासा होता सर. तीन महिने वाट बघितली होती त्याची.”

“मला शिव्या द्या काका. मोकळेपणानं द्या.”

“शिव्या देऊन पक्षी येतोय थोडाच? आणि प्रत तर मीही नव्हती केली.” काकांनी चष्मा काढून पुसला. “माझं जाऊ दे हो. पण हिला कोण सांगणार? ती सगळ्यांना सांगून बसलीय. बहिणींपुढे तिची मान खाली जाईल, ते नाही बघवणार मला.”

सरांची बायको चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, “अगंबाई, ह्या कोण?”

पक्ष्यांच्या खाली आणखी फोटो होते. भरपूर. सॉफ्टवेअरनं कालचेच नव्हे, त्या कार्डावरून गेल्या कित्येक वर्षांत पुसलेले सगळेच फोटो उकरून आणले होते. कार्ड मोठं आणि पक्षी मोजके, म्हणून ह्यांच्या जागेवर कुणी येऊन बसलंच नव्हतं. आणि त्या सगळ्यांत एकच बाई होती. खिडकीत बसून शेंगा सोलणारी. दोन हातांनी छत्रीशी झटापट करणारी. पेपर वाचता वाचता डुलकी लागलेली. कुणावर तरी तोंडभर ओरडणारी. पोटभर हसणारी. एकही राखाडी पट्टा नाही की एकही फोटो अर्धा नाही.

काका कासावीस झाले. “बंद करा, बंद करा ते! हिनं एकेक करून समोर उभं राहून डिलीट करायला लावलेत. ह्यात जाड दिसते, ह्यात डोळे मिटले, ह्यात केस असे, ह्यात तसे. दहा वर्षांत हिनं माझ्याकडे एक फोटो शिल्लक ठेवला नाही. म्हणून तर मी पक्ष्यांकडे वळलो. पक्षी बघायला मागत नाहीत.”

सर मात्र पडद्यावरून डोळे हलवायला तयार नव्हते. शिकवून शिकवून केस पांढरे झालेला माणूस तो. चांगला फोटो दिसला की त्याला आपली चूक, अब्रू, चहा, कशाची शुद्ध राहत नसे. “काका, हे कसे काढलेत तुम्ही? काकू हसायला लागल्या त्याच क्षणी बटण दाबलंय. इतकं अचूक कसं जमलं?”

“तिला कळायच्या आत काढावे लागायचे सर. कॅमेरा दिसला की तोंड फिरवते. खंड्या बरा, दोन घटका तरी एका फांदीवर बसतो.”

“भिंतीवर हे लावायचे,” सर म्हणाले.

काकांच्या हातातला चहा सांडला. “माझा विमा आहे सर, पण एवढा नाही!”

“न विचारता नाही लावायचे. माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय मांडायचा नाही, हे मीच शिकवतो. आणि ह्या वेळी शिकवलेलं करणार आहे. लावून ठेवू, काकूंना लवकर बोलावू. नाही म्हणाल्या तर सगळे उतरवू आणि सगळ्यांसमोर मी सांगेन की कार्ड मी पुसलं.”

दुपारी फोटो छापून आले. दारासारख्या फ्रेममध्ये तोंडभर ओरडणाऱ्या काकू बसल्या. काकांच्या भिंतीवर ‘आमच्या तळ्यावरचे पाहुणे’ अशी पाटी आधीच लागली होती. ती काढायला सर स्टूल शोधत होते तेवढ्यात दार उघडलं. काकू त्यांच्या थोरल्या बहिणीला घेऊन चांगल्या तासभर आधीच येऊन थडकल्या होत्या. काका खांबाआड झाले. सर स्टूल छातीशी धरून उभे राहिले.

काकूंनी पाटी वाचली. मग भिंत बघितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

“हे,” काकू म्हणाल्या, “मी डिलीट करायला सांगितले होते.”

“केले होते,” खांबाआडून आवाज आला. “देवाशपथ केले होते. सरांनी परत आणले.”

“काकू, तुमचा नकार असेल तर आत्ता उतरवतो,” सर घाईनं म्हणाले. “आणि मला एक सांगायचंय—”

काकूंचं लक्षच नव्हतं. त्या छत्रीच्या फोटोपुढे थांबल्या. नाक काचेला लागेल इतक्या वाकल्या. मग कंबर धरून ताठ झाल्या आणि हॉल दणाणून सोडणाऱ्या आवाजात ओरडल्या, “ताई! अगं, बघ तरी! किती बारीक होते मी!”

“होतीसच मुळी,” ताई म्हणाली. “आणि तेव्हा रोज रडायचीस, जाड झाले म्हणून.”

“आणि हा गळा बघ. एक सुरकुती नाही! आणि हे केस! ह्या केसांना काय धाड भरली होती गं?” काकू आता धावतच एका फोटोवरून दुसऱ्याकडे जात होत्या. डुलकीच्या फोटोपुढे त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. “हे सगळे मी टाकून द्यायला लावले? वेडीच आहे मी. आणि तुम्ही! मी सांगितलं म्हणून लगेच डिलीट केलेत? एवढं कधी ऐकता का हो माझं?”

काकांनी खांबाआडून बाहेर यायला हरकत नाही असं ठरवलं.

“सर, उपकार झाले तुमचे. एकही उतरवायचा नाही,” काकू म्हणाल्या. “पाटीसुद्धा राहू दे.”

सरांना आता राहवेना. “काकू, खरं सांगायचं तर ते कार्ड मीच—” एवढ्यात त्यांच्या पायावर काकांचा बूट पडला.

“सर,” काका त्यांच्या कानाशी लागले, “दावा मंजूर झाल्यावर अपघात कसा झाला ते सांगत बसायचं नसतं. चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा.”

संध्याकाळी हॉल तुडुंब भरला. लोक बाकीच्या फळ्यांना नमस्कार-चमत्कार करून काकांच्या भिंतीपाशी येत आणि तिथेच रुतत. बायका नवऱ्यांना विचारत होत्या, “तुम्ही काढलेत कधी माझे असे?” नवरे सांगत होते, “काढले होते, तूच पुसायला लावलेस!” हॉलभर एकच भांडण पन्नास घरांचं चाललं होतं. जेवणात खडा शोधणारे ते यजमान मोठ्या फ्रेमपुढे उभे राहिले, जवळ गेले, लांब गेले आणि शेवटी म्हणाले, “आवाजसुद्धा ऐकू येतो हो ह्यातून.” ह्यापेक्षा मोठं बक्षीस आजवर कुणाला मिळालं नव्हतं. सरांना तर लोकांनी गराडाच घातला. पुढच्या वर्गासाठी नावं देणाऱ्यांत निम्म्यांच्या मुठीत जुनी कार्डं होती.

निघताना दंतवैद्यबाईंनी काकांचाच कॅमेरा घेऊन दोघांना भिंतीपुढे उभं केलं. “मोठं हसा. दात दिसू द्या!” फोटो निघाला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काकूंनी तो बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “शी! काय ही हनुवटी! एक नाही, दोन आहेत. केवढी जाड दिसतेय मी!”

इतक्या वर्षांची सवय. काकांचा अंगठा आपोआप पुसायच्या बटणावर गेला.

“खबरदार!” काकूंनी त्यांच्या हातावर चापट मारली. “राहू द्या तो. दहा वर्षांनी बघेन तेव्हा ह्यातसुद्धा बारीकच दिसणार आहे मी.” मग त्यांनी केस सारखे केले आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. “आता तुम्ही काढा एक. आणि लांबून नको, चांगले जवळ या.”