पिवळ्या गाडीचे पोट

मेहुण्याने किल्ली पुढे केली तेव्हा खात्रीसाहेबांनी 'नको' म्हणायला हवे होते. तेवढा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला असता, तर चहाच्या सेटातला कप कपाटात राहिला असता, ड्रेसिंग टेबलाचा आरसा टेबलावर राहिला असता आणि बायकोच्या वजनाचा विषय त्या घरात कधी निघालाच नसता.

खात्रीसाहेब हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात नव्या नळजोडणीचे अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे जात आणि प्रत्येक अर्जदाराला ते न चुकता म्हणत, "एकदा खात्री करून घेऊ." (त्यांची खात्री पटेपर्यंत एकाने विहीर खणून घेतली, अशी खात्यात थट्टा होती.) घराला कुलूप लावले की ते ओढून बघायचे, जिना उतरायचे, परत चढायचे आणि पुन्हा ओढून बघायचे. असे ओढता ओढता एकदा दाराची कडीच उचकटून हातात आली. कुलूप मात्र शाबूत होते, हे त्यांनी बायकोला आवर्जून दाखवले.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नोकरीच्या कामासाठी तो काही महिने परदेशी निघाला होता. लग्नाच्या वयात लग्न करायचे सोडून या पठ्ठ्याने स्पोर्ट्स कार घेतली होती. पिवळीधमक, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी, की इमारतीतल्या मांजराला टपावर जायला उडी मारावी लागत नसे. तिच्यात बसणे म्हणजे सतरंजीवर बसण्यासारखेच होते, आणि उतरणे हा तर निराळाच कार्यक्रम. आधी दार पार बाहेर ढकलायचे, मग एक पाय, मग दोन्ही हात जमिनीवर आणि मग उरलेला माणूस सवडीने.

"खरं तर गाडी मोठ्या भाऊजींकडे ठेवणार होतो," मेहुणा म्हणाला. मोठे भाऊजी म्हणजे खात्रीसाहेबांचे साडू. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या या गृहस्थांच्या हातून आजवर साधी बशीसुद्धा फुटलेली नव्हती. "पण ताई म्हणाली, वस्तू जपावी तर तुझ्या धाकट्या भाऊजींनीच."

खात्रीसाहेबांनी बायकोकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत, तेही साडूंच्या तुलनेत, आपली बाजू घेतल्याचे त्यांना आठवेना. त्यांना अगदी भरून आले. किल्ली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

"आठवड्यातून एकदा फिरवून आणा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही," मेहुणा म्हणाला. "आणि एवढंच सांभाळा, पोट घासू देऊ नका."

तो गेल्यावर बायकोने स्वयंपाकघरातून बजावले, "अहो, मी शब्द टाकलाय तुमच्यासाठी. माईसमोर आणि मोठ्या भाऊजींसमोर मला तोंडघशी पाडू नका."

माई म्हणजे तिची मोठी बहीण. त्या दोघी बहिणींमध्ये कुणाचा नवरा जास्त कामाचा, हा खटला लग्नापासून चालू होता आणि निकाल बहुधा माईंच्या बाजूने लागत आला होता. या वेळी निकाल फिरवायचाच, असे खात्रीसाहेबांनी मनाशी ठरवले.

पहिल्या रविवारी दोघे निघाले. कोपऱ्यावरच्या गतिरोधकाच्या अलीकडे खात्रीसाहेबांनी गाडी थांबवली. मागच्यांचा खोळंबा नको म्हणून ती अगदी कडेला, फूटपाथला चिकटवून लावली.

"तू उतर," ते म्हणाले.

"का? आलं का आपलं ठिकाण?"

"अगं, तू उतरलीस की गाडी हलकी होईल, हलकी झाली की वर उचलली जाईल. आणि पुढे उभी राहून खाली लक्ष ठेव. पोट टेकतंय का बघ."

बायकोने दार ढकलले आणि ती क्रमाक्रमाने बाहेर पडू लागली. तेवढ्यात खालून आवाज आला. खर्र.

खात्रीसाहेब ओरडले, "टेकली?"

"मलाही ऐकू आलं," बायको वाकून म्हणाली. "पण टेकलेली दिसत नाही हो कुठे."

गाडी तर जागची हलली नव्हती. उभी गाडी घासेल कशी, हे खात्रीसाहेबांना उमगेना. फेरी तशीच आवरती घेऊन ते घरी परतले. बायको वर गेली, तसे त्यांनी गाडीचे तिच्या दाराकडचे अंग भिंतीला अगदी खेटून लावले (म्हणजे निदान त्या बाजूला कुणाचा धक्का लागायला नको), ड्रेसिंग टेबलाचा आरसा उचकटून खाली आणला, फरशीवर आडवा ठेवून गाडीखाली सरकवला आणि टॉर्च घेऊन ते पालथे पडले.

आजवर त्यांनी कुठल्याही गाडीचे पोट पाहिले नव्हते. वर एवढी नटवी दिसणारी ही बया खालून इतकी साधी, काळी आणि सपाट असेल असे त्यांना वाटले नव्हते. ते बराच वेळ बघत राहिले. मग टॉर्च पुढे सरकला, आणि नाकाच्या बाजूला असलेल्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या रेघा दिसल्या. एक नाही, चांगल्या भरपूर. पहिल्याच दिवशी आपण घात केला, असे त्यांच्या मनाने घेतले. बायकोला त्यांनी यातले अवाक्षर सांगितले नाही. आरसा का काढला, तर "पुसायला" असे सांगून ते मोकळे झाले.

त्या दिवसापासून त्यांना पोटांचा नाद लागला. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत ते उभ्या गाड्यांखाली डोकावू लागले. एकदा थेट मोठ्या साहेबांच्या गाडीखाली डोकावत असताना साहेबच मागे येऊन उभे राहिले.

"काय हरवलंय?"

"काही नाही, साहेब. आपलं पोट बघत होतो."

पुढे बरेच दिवस साहेब जेवणाचा डबा अर्धाच खात होते.

नुसते बघून भागणार नव्हते. गाडीच्या पोटाखाली नेमकी किती जागा आहे, हे कळायला हवे होते. मोजपट्टी आत घालून वाचता येईना, म्हणून खात्रीसाहेबांनी स्वयंपाकघरातली भांडी एकेक करून गाडीखाली सरकवून पाहिली. पेला अडला. वाटी फारच सैल गेली. चहाचा कप मात्र असा बेतशीर गेला, की जणू कारखान्याने तो त्याच कामासाठी काढला होता. तो माईंनी दिलेल्या सेटातला होता, पण शास्त्रापुढे नातेगोते बघून चालत नाही.

मग रोज सकाळी ते कप घेऊन फिरायला जाऊ लागले. गतिरोधक आला की शेजारी कप ठेवायचा, रस्त्याला गाल टेकून एक डोळा मिटायचा आणि कोण उंच ते बघायचे. कप उंच ठरला तर रस्ता पास. गतिरोधक उंच ठरला तर नापास. एकदा ते असे आडवे पडलेले असताना चौकातल्या टपरीवाल्याने कपात चहा ओतला आणि "बसून प्या हो काका, असं झोपून ठसका लागेल," असे सांगून तो निघून गेला. चहा बरा होता.

पण पास झालेल्या रस्त्यांवरही तो आवाज येतच राहिला. प्रत्येक गतिरोधकापाशी गाडी कडेला घ्यायची, बायकोने उतरायचे आणि खालून खर्र. खात्रीसाहेबांनी गाडीच्या पोटाला खडू फासून पाहिला. पोट टेकले तर खडू पुसला जाईल, हे उघड होते. फेरी झाली, आवाज आठ-दहा वेळा तरी आला, पण घरी येऊन आरशात बघावे तर खडू जशाच्या तसा.

आता त्यांची भीती थोडी बाजूला राहिली आणि नवलानेच त्यांना घेरले. घासल्याचा आवाज येतो, पण घासत काहीच नाही. नळाच्या पाइपात हवा अडकली की पाणी नसताना नळ ओरडतो, हे त्यांना ठाऊक होते. पण गाडीत कुठली हवा? जेवताना त्यांचा घास हातातच राहू लागला.

शेवटी त्यांना एक शंका आली.

"मी काय म्हणतो," ते चाचरत म्हणाले, "आवाज तू उतरतेस तेव्हाच येतो."

"मग?"

"म्हणजे उतरताना सगळा भार एकदम एका अंगाला येतो. गाडी कलते. कलली की तेवढ्यापुरती..."

"माझ्या वजनानं?"

"भार म्हणालो मी. वजन नाही म्हणालो."

बायकोने ताटातली पोळी परत डब्यात ठेवली. पुढचे दोन दिवस घरात जे काही बोलणे झाले ते भांड्यांचेच झाले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी शब्द टाकलाय म्हणून येते बरं का गाडीतून. नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

"तू फक्त हळू उतर," खात्रीसाहेब मायेने म्हणाले.

ती हळू उतरू लागली. दार हळू ढकलायची, पाय हळू टाकायची. त्याने एवढेच झाले, की आधी जे खर्र असायचे ते आता खर्रर्रर्र झाले. खात्रीसाहेब स्टीअरिंगवर कान टेकून ऐकत राहायचे. एव्हाना त्या आवाजाची त्यांना सवयच झाली होती. एखाद्या गतिरोधकापाशी तो आला नाही, तर चुकल्यासारखे वाटायचे.

असे करता करता मेहुणा परत आला. त्याला घेऊन साडू आले, माईही आल्या. खात्रीसाहेबांनी गाडी धुऊनपुसून इमारतीसमोर, फूटपाथच्या कडेला आणून उभी केली होती. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती. तिचा नवरा आज जिंकणार होता.

मेहुणा रस्त्यावरच आडवा झाला आणि त्याने खाली पाहिले. मग त्याने पोटावरून बोट फिरवून पाहिले.

"भाऊजी, हे पुसलंय कुणी?"

"मीच. दर रविवारी. पण एक सांगायचं राहिलं." खात्रीसाहेबांच्याने राहवेना. "पुढच्या पट्टीवर रेघा आहेत. पहिल्याच दिवशी झाल्या. माझ्याच हातून."

बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिले. माईंनी साडूंकडे पाहिले.

मेहुणा उठून कपडे झटकू लागला आणि हसत सुटला. "त्या माझ्या रेघा आहेत हो. ती पट्टी मुद्दाम घासण्यासाठीच बसवलीय. ती घासते म्हणून वरची गाडी वाचते. झिजली की काढायची आणि दुसरी लावायची."

खात्रीसाहेबांच्या छातीवरचा दगड उतरला. एवढे आरसे, एवढे खडू, एवढे कप घासण्यासाठीच असलेल्या पट्टीपायी खर्ची पडले, हे त्यांच्या लक्षात आले, पण त्याचे त्यांना काही वाटले नाही.

"बघ हं," बायको माईंना म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

"मानलं बुवा, साडूभाऊ," साडू म्हणाले. हे वाक्य ऐकण्यासाठी खात्रीसाहेब लग्नापासून थांबले होते. "चला, मारू एक चक्कर." असे म्हणत साडू फूटपाथकडून आले आणि त्यांनी बायकोच्या बाजूचे दार ऐसपैस उघडले.

खर्र.

सगळे जागच्या जागी थबकले. खात्रीसाहेबांचा चेहरा मात्र उजळला.

"हाच!" ते ओरडले. "हाच तो आवाज! दर रविवारी यायचा. ऐकलास ना गं? तू उतरलीस की दर वेळी हाच—"

"अहो," बायको दबक्या आवाजात म्हणाली, "गप्प बसा."

तोवर मेहुणा दारापाशी वाकला होता. दाराची खालची कड फूटपाथच्या दगडावर टेकली होती. कडेचा पिवळा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला होता आणि आतला पत्रा चकचकीत दिसत होता. तेवढीच एक जागा अशी होती, की जिच्याकडे इतक्या महिन्यांत कुणी पाहिले नव्हते.

"दार मी उघडत होते," बायको पुढे होऊन म्हणाली. "यांना काही बोलू नकोस."

"पण ताई, तू दर वेळी उतरत होतीस कशाला?"

बायकोने एकवार नवऱ्याकडे पाहिले. "पोट घासू नये म्हणून," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आवरेना. माई हसल्या, मेहुणा हसला. साडू हसले नाहीत. त्यांनी दार अलगद लावले, तेही आवाज न करता.

मेहुणा पुन्हा परदेशी गेला तेव्हा किल्ली साडूंकडे गेली, हे सांगायला नको. मात्र जाताना तो म्हणाला होता, "मोठे भाऊजी, गाडी तुम्हीच चालवा. पण पोटाकडे बघायला धाकट्या भाऊजींना बरोबर घ्या. त्यांच्यासारखं कुणी बघत नाही."

तेव्हापासून दर रविवारी साडू रुबाबात गाडी चालवतात. गतिरोधक आला की गाडी रस्त्याच्या मधोमध, फूटपाथपासून चांगली लांब थांबते, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागतात, आणि साडू शेजारी बघून शांतपणे म्हणतात, "साडूभाऊ, उतरा. कप घेतलात ना?"