भरिताची संधी, उद्योजक झोपेत

निवृत्त झालो त्याच आठवड्यात मी घरात जाहीर केलं की आता धंदा करणार; पण कुणीतरी सांगितलं म्हणून नाही, चौकशी करून, निवडून. त्या वेळी श्रोते दोनच होते, बायको द्रौपदा आणि शेजारची शहजादी. दोघी लसूण सोलत होत्या. त्यांनी लसूण सोलणं थांबवलं नाही.

माझा संताप समजून घ्या. उभं आयुष्य जळगावात वार्ताहर म्हणून मी दुसऱ्यांच्या धंद्यांच्या बातम्या केल्या. ज्यांना दोन ओळींचं निवेदन धड लिहिता येत नव्हतं, त्यांच्या डाळ मिलच्या उद्घाटनाला मी पेढा खाल्ला आणि पुढे त्यांच्याच तिसऱ्या मिलच्या उद्घाटनालाही पेढाच खाल्ला. (दुसऱ्या वेळचा पेढा लहान होता. धंदा असाच वाढतो.) या गावात लोक चटया करून, पाइप करून, केळी तळून मोठे झाले आणि आम्ही पदवीधर त्यांच्या नावामागे 'सुप्रसिद्ध उद्योजक' लिहीत बसलो. ज्याने आमदारांना भर पत्रकार परिषदेत गप्प केलं, त्याला एक धंदा निवडता येऊ नये?

द्रौपदाने मात्र निवडलेला होता. भरीत. हिवाळ्यात मेहरूण तलावावर आमच्या कार्यालयाच्या भरीत पार्ट्या व्हायच्या, त्या तिच्याच जिवावर. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचायची, सोबत शहजादीच्या हातच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी. जो संपादक आला तो बोटं चाटत "वहिनी, हॉटेल काढा" म्हणाला आणि हात धुताना विसरला. द्रौपदा विसरली नव्हती. नशिराबादला हायवेलगत झुलालआबांचा एक गाळा रिकामा होता. आबा शहजादीच्या नवऱ्याच्या, असलमभाईंच्या ओळखीतले. हंगाम तोंडावर आलेला. शहजादीला शिवणकामाच्या कारखान्यातून बोलावणं होतं आणि ती द्रौपदाच्या होकारासाठी थांबली होती. द्रौपदा माझ्या होकारासाठी थांबली होती, कारण गाळ्याची अनामत माझ्या फंडातून जायची होती.

मी म्हणालो, थांबा, आधी सगळे पर्याय तपासू.

पहिला धुळ्याला गेलो. तिथे 'संधी ओळखा' नावाचा उद्योग मेळावा होता. दारातल्या माणसाने मला ओळखलं आणि थेट पत्रकारांच्या रांगेत बसवलं. मी सांगितलं, मी पत्रकार म्हणून आलेलो नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात, जेवण आतल्या बाजूला आहे. व्यासपीठावर पांढरे बूट घातलेला एक तरुण, नोकरी ही गुलामगिरी कशी आहे ते सांगत होता. मी उठलो आणि विचारलं, "आपण स्वतः आजवर कोणता धंदा केलात?"

"हाच," तो म्हणाला.

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्याला. निघताना माझ्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात पेन, पेनाला झाकण नाही, आणि मेळाव्याची तयार बातमी. बातमीत लिहिलं होतं की शेवटी झालेल्या प्रश्नोत्तरांना उदंड प्रतिसाद मिळाला.

मग शिरपूर. तिथे मोतीलालशेठ यांची जिनिंग. शेठना कसं चाललंय विचारलं. "बठ्ठं चांगलं शे, भाऊ," ते म्हणाले, "छापा बिनधास्त." मी म्हटलं, छापायला नाही आलो, मलाच धंदा करायचाय. शेठनी केबिनचं दार लावून घेतलं, पंखा मोठा केला आणि कापूस, मजूर, वीज, जावई अशा क्रमाने रडगाणं सुरू केलं ते चहा दोनदा येऊन गेला तरी संपेना. शेवटी म्हणाले, यातलं एक अक्षर छापू नका.

पुढे मी जिथे जिथे गेलो तिथे हेच. छापायचं असेल तर फायदा, छापायचं नसेल तर तोटा. केळीचे वेफर्स, ठिबकची दुकानं, मंगल कार्यालय, सगळीकडे एकच तऱ्हा. एका रसवंतीवाल्याने तर मला बघताच चरक बंद केला आणि परवाना काढून दाखवला. मी परवाना मागितला नव्हता. (तो मुदत संपलेला होता. मी सवयीने तसं बोललो. रस मिळाला नाही.)

घरी आलो की द्रौपदा विचारायची, झाली का तपासणी? मी म्हणायचो, चालू आहे. यावर ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी चांगला आहे. ती भाजी निवडत राहायची. अखेर झुलालआबांचाच फोन आला. "भाऊ, मी रविवारलोंग थांबस. मंग जो पहिले यी, गाळा त्याना."

तेव्हा शनिवारी मी त्या गाळ्याची चौकशी करायला नशिराबादला गेलो. अगदी शेवटी, कारण घरातली सूचना माणूस शेवटीच तपासतो. समोरच्या चहाच्या टपरीवर दुपारपासून ठाण मांडून बसलो. ट्रकवाल्यांशी बोललो, भुसावळहून परतणाऱ्या कुटुंबांशी बोललो, कॉलेजच्या पोरापोरींशी बोललो. प्रत्येकाला भूक होती आणि प्रत्येकाला भरीत हवं होतं. टपरीवाल्याने सांगितलं की रोज कुणीतरी गाडी थांबवून त्याच्याकडे भरिताची चौकशी करतं आणि चिडून चहा पितं. इतक्या चौकशांत पहिल्यांदाच मला एक धंदा असा सापडला, ज्यात कुणी काही लपवत नव्हतं. मला गहिवरून आलं. ठरवलं, उद्या सकाळी चहाबरोबर द्रौपदाला सांगायचं आणि लगेच आबांकडे निघायचं.

तेवढ्यात फोन वाजला. माझ्या जुन्या कार्यालयातली उपसंपादक मृणाली. म्हणाली, भाऊ, ऐनवेळी जाहिरात गेली, रविवारचं आतलं पान उघडं पडलंय, तुमच्याकडे काही आहे का?

वाचकहो, 'काही आहे का' या प्रश्नाला मी जन्मात 'नाही' म्हटलेलं नाही. टपरीच्या बाकावर बसूनच मोबाइलवर बातमी लिहिली. उत्तम झाली. गाळ्याची जागा दिली, समोरच्या टपरीची खूण दिली, झुलालआबांचं नाव दिलं आणि त्यांचा नंबरही दिला. (अर्धवट बातमी देणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे.) लिहिता लिहिता संताप अनावर झाला. शेवटचा परिच्छेद असा होता : 'इतकी मोक्याची जागा ऐन हंगामात रिकामी पडली असताना आपल्याकडचे लोक नुसत्या चौकशा करत हिंडतात, ही खान्देशची शोकांतिका आहे.' मथळाही मीच दिला : 'भरिताची संधी, उद्योजक झोपेत'.

घरी येऊन समाधानाने झोपलो.

सकाळी जाग आली ती द्रौपदाच्या वाचण्याने. ती पलंगाच्या कडेला बसून बातमी मोठ्याने वाचत होती. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला.

"हे झुलालआबा म्हणजे आपलेच ना?"

"हो."

"आणि हा नंबर?"

"त्यांचाच. तपासून दिलाय."

"आणि झोपलेले उद्योजक कोण?"

मी त्या वेळी पांघरुणात होतो, म्हणून प्रश्नाचा रोख कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा दारात शहजादी उभी होती, हातात तोच पेपर. "भाऊ, लिहिलंय छान," ती म्हणाली. "पण आता मी कारखान्यात जायचं का?"

दात न घासता मी स्कूटर काढली. मागे द्रौपदा. असलमभाई आणि शहजादी त्यांच्या गाडीवर. नशिराबादला पोचलो तर गाळ्यासमोर मोटारसायकलींची गर्दी आणि धुळ्याची एक जीप. झुलालआबा नवी टोपी घालून खुर्चीवर बसले होते. मला पाहताच उठले आणि मिठी मारली. म्हणाले, पहाटेपासून फोन थांबत नाही. गाळा कुणाला दिला, असं मी विचारलं. तो धुळ्याच्या पितांबरने उजाडताच घेतला होता आणि पितांबर जीप तिथेच ठेवून गावात वांगी ठरवायला निघूनही गेला होता. लोक परत जाईनात म्हणून आबांनी गोठाही दिला. ते पाहून शेजाऱ्यांनी आपापल्या पडव्या दिल्या. जिथे एक भरीत केंद्र होणार होतं तिथे आता रांगेने होणार होती.

द्रौपदा एका पडवीतून दुसऱ्या पडवीकडे चालत राहिली. मला वाटलं, ती डोळे पुसायला आडोसा शोधतेय. मी मनात खुलासा तयार करू लागलो. पेपरात खुलासा बारीक अक्षरात आतल्या पानावर जातो. बायकोला बारीक अक्षरात कसं सांगायचं, हा प्रश्न होता. पण जवळ गेलो तर ती प्रत्येक नव्या उद्योजकाला एकच गोष्ट विचारत होती.

"भाकरी कोण करणार?"

उद्योजक एकमेकांकडे बघायला लागले. वांगी, काड्या, तेल, बोर्ड, बोर्डावरचा फोटो, सगळ्याचा विचार झाला होता. सगळे पुरुष होते. भाकरी ताटात येते एवढंच त्यांना ठाऊक होतं.

द्रौपदाने शहजादीकडे पाहिलं. शहजादीने मान हलवली. मी स्कूटर सावलीत लावून येईपर्यंत धंदा सापडला होता, निवडून झाला होता आणि रांगेतल्या सगळ्यांनी भाकरी यांच्याकडूनच घ्यायचं कबूल केलं होतं. ना गाळा लागला, ना अनामत.

मी म्हणालो, "पण आधी बाकीचे पर्याय तपासून..."

असलमभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाईदासभाऊ," ते हळूच म्हणाले, "आता नको."

तर यंदाच्या थंडीत आमच्या मेहरूणच्या घरात दोन तवे पेटलेले असतात, आणि हायवेवर भाकरी पोचवण्याचं काम माझ्याकडे आहे. निवड माझीच, कारण दुसरा कुणी रिकामा नव्हता. परवा पितांबरच्या गाळ्यावर गेलो तर गल्ल्यावर त्याचा धाकटा भाऊ लीलाधर होता, धुळ्याहून नुकताच आलेला, मला न ओळखणारा. त्याने भिंतीवर माझी बातमी चौकटीत घालून लावली होती.

"वाचली का काका?" त्याने विचारलं. "आमचं नशीब हिने उघडलं. पण मला एक कळत नाही. एवढी जागा शोधून काढली, तर त्या माणसाने स्वतः का नाही घेतली? बिनडोकच असेल ना?"

या संदर्भात संबंधित पत्रकाराशी थेट संपर्क झाला असता, त्याने भाकरींची टोपली खाली ठेवली आणि प्रतिक्रिया देण्यास नकार दिला.