मारबते भाऊजींचे मासे

पाण्याने भरलेलं भांडं दिसलं की मारबते भाऊजींचा हात त्यात गेलाच म्हणून समजा. बादली असो, घंगाळ असो, नाहीतर लग्नातला पाण्याचा ड्रम असो, बोलता बोलता तळव्याने फटाफट पाणी थापटायचं, ही त्यांची सवय. एकदा माझ्या पिण्याच्या पाण्याच्या गुंडात त्यांनी हात घातला तेव्हा मी चुलीतला चिमटा उगारला होता.

"वहिनी, पाण्यात हवा गेली पाह्यजे," ते म्हणाले.

"हवा मागाहून जाईल. आधी तुमचा हात बाहेर काढा."

मी काही लोकांचं कौतुक करत सुटणारी बाई नाही. सक्करदऱ्याला आमच्या शेजारच्या घरात हे गृहस्थ राहत, मासे खात्यात नोकरीला होते आणि बोलायला लागले की समोरच्याचा जीव नकोसा करत. आमचे हे तर त्यांचा आवाज ऐकला की पेपर तोंडासमोर धरायचे, मग तो कालचा का असेना.

पाणी थापटायची सवय नोकरीतली. पेंचेवर धरण झालं तशी नदीतली मासोळी कमी झाली. अंडी घालायला वर चढणारे मासे भिंतीपाशी अडत आणि तिथेच जाळ्यात सापडत. म्हणून पावसाळा लागला की भाऊजी जिऱ्याएवढी पिल्लं मातीच्या हंड्यांत भरून धरणात सोडायला नेत. प्लास्टिकच्या पिशव्या नंतर आल्या. तेव्हा एसटीने हंड्या न्यायच्या आणि रस्ताभर हाताने पाणी हलवत बसायचं, नाहीतर पिल्लं गुदमरतात. एकदा मनसरजवळ गाडी बंद पडली. भाऊजींचे एकट्याचे हात पुरेनात. त्यांनी अख्ख्या गाडीला हंड्या वाटल्या. एक फौजदार होते, त्यांच्याही मांडीवर एक ठेवली. "साहेब, लेकरं हायेत. हात थांबवू नका," म्हणाले. फौजदारांनी टोपी काढून ठेवली आणि गाडी सुरू होईपर्यंत निमूट पाणी थापटलं.

दुसरं वेड म्हणजे, "पाण्याले पाणी भेटू द्या." पिल्लं धरणात एकदम ओतायची नसतात, थंड-गरम पाण्याच्या फरकाने मरतात. हंडी धरणाच्या पाण्यात ठेवायची, बाहेरचं पाणी हळूहळू आत येऊ द्यायचं, मग पिल्लं आपली आपण निघून जातात. हे मासळीपुरतं ठेवतील तर ते भाऊजी कसले! माझ्या दिराची नवी नवरी कळमेश्वरहून आली, तर हे दारात आडवे. "तिले एकदम घरात काहून सोडता? ओट्यावर बसू द्या जराशी. पाण्याले पाणी भेटू द्या." नवरी बिचारी शालू नेसून उन्हात बसली आणि आम्ही बाया ओवाळणीचं ताट धरून ताटकळलो.

पण धरणावर त्यांचं म्हणणं मोडलं आणि घात झाला. पहिल्या वर्षी कोणी एक पुढारी पिल्लं सोडायला आले. भाऊजी हंड्या पाण्यात ठेवून बसले होते. पुढाऱ्यांना कुठे दम निघतो? त्यांनी हंडी उचलली, फोटोवाल्याकडे पाहिलं आणि वरूनच ओतली. मग बाकीच्यांनीही ओतल्या. टाळ्या संपायच्या आत पिल्लं उलटी होऊन वर आली.

काठावर ढीवर उभे होते. नदीतल्या मासळीवरच पोट असलेली माणसं. त्यांच्यातली वेणूबाई, जिच्या शब्दाबाहेर त्यांच्यातलं कोणी जात नसे, ती म्हणाली, "साहेब, हे मासे आमच्यासाठी आणले का कावळ्यासाठी?"

पुढच्या खेपेला भाऊजींनी कोणालाच न बोलावता पिल्लं नेली, आपल्या हाताने सोडली आणि वेणूबाईच्या दारात जाऊन बसले. दोन पावसाळे जाळं टाकू नका, पिल्लं मोठी होऊ द्या, एवढंच मागणं.

"अन् तोवर आम्ही काय वाळू खावं काय गा?" वेणूबाईने विचारलं.

"नहराच्या कामावर जा. दोन पावसाळ्यानं मासे नाही निघाले, तं मले त्याच जाळ्यात बांधून पाण्यात सोडा."

आणि त्या लोकांनी ऐकलं. जाळी गुंडाळून ठेवली. पिढ्यान् पिढ्या पाण्यात राबलेली माणसं धरणाच्या कालव्याची माती उपसायला गेली, ती या माणसाच्या शब्दावर. मला तर ऐकूनच धडकी भरली होती.

त्याच वर्षी हिवाळ्यात भाऊजींच्या बायको, नलूबाई, गेल्या. तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर भाऊजींचं बोलणं फारच वाढलं. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, कोणी विचारो न विचारो, धरणाचं पाणी किती चढलं ते सांगत सुटायचे.

दुसरा पावसाळा सरला आणि जाळं टाकायचा दिवस आला. भाऊजी पहाटेच्या गाडीने गेले. संध्याकाळी मी ओट्यावर मेथी निवडत होते, तर ते फाटकाशी उभे. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली आणि तोंडातून शब्द नाही. मासे नाही निघाले, असंच मला वाटलं. आता वेणूबाईला हा माणूस काय तोंड दाखवणार?

"बसा भाऊजी, चहा ठेवते," मी म्हटलं.

"चहा राहू द्या, वहिनी." ते पायरीवर टेकले. "मले विचारा ना."

"काय विचारू?"

"मी वेणूबाईले शब्द देऊन आलो, त्या दिवशी नलूनं मले दारातच विचारलं होतं, 'अन् नाही निघाले तं?' मी चिडलो तिच्यावर. म्हटलं, पाहशीन तू. आता घरी गेलो, कुलूप काढलं, अन् उभाच राह्यलो. सांगू कोणाले? विचारलं तिनं होतं."

मी विचारलं, "मग, निघाले का मासे?"

"निघाले वं," भाऊजी म्हणाले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. "हे एवढाले कटले. जाळं ओढून राह्यले तं वर येईना, मंग बाया बी पाण्यात उतरल्या. ते वेणूबाई हासे अन् रडे. तू असाले पाह्यजे होती वं."

मला ते कायम वहिनी म्हणत, अहो-जाहो करत; हे 'वं' आणि 'तू' नलूबाईंचं होतं. मी मेथी बाजूला सारली.

"अन् मंग?" मी विचारलं.