विकणे आहे

टाइल्सच्या गोदामातल्या सुपरवायझरचं जगात कुणी ऐकत असेल, तर ते फक्त त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधले अकरा फुटबॉलपटू. गोदामातले हमाल त्याचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. घरी तर बोलायचीच सोय नव्हती. पण त्या पुराण्या गेममध्ये तो मॅनेजर होता. चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर नुसती नावं आणि आकडे. 'बस' म्हटलं की खेळाडू बसे, 'विकला' म्हटलं की निमूटपणे जाई. एवढा मान त्याला स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता.

मूळची परदेशी नावं जिभेला वळेनात, म्हणून त्याने संघात आपलीच माणसं भरली होती. सासरे गोलकीपर, कारण त्यांच्या हातून सहसा काही सुटत नसे. तळाच्या गटातून चढवत चढवत त्याने हा संघ चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत आणला होता. जन्मात पहिल्यांदाच तो काहीतरी जिंकणार होता. रविवारी सकाळी संघ निवडून तो दाढी करायला गेला आणि नेमके तेव्हाच सासरे आणि मेव्हणा येऊन टपकले.

"दाजी, 'मेव्हणा. विकणे आहे' म्हणजे काय हो?" मेव्हण्याने खोलीतून हाक मारली.

तो साबणाच्या तोंडानेच धावत आला. पडद्यासमोर अख्खं सासर उभं होतं.

"अरे, तो तू नाहीस. तो... दुसरा मेव्हणा."

"दुसरा कुठला आणलात?" बायको म्हणाली. "आणि ही 'बायको' राखीव खेळाडूंत काय करतेय?"

"अगं, तुला जपून ठेवलंय! ऐनवेळी लागलीस तर."

"लग्न झाल्यापासून ऐनवेळच चाललीय माझी. आणि माझ्या जागी कोण, तुमचे साहेब?"

"माझा वेग दोन?" सासऱ्यांनी चष्मा वर केला. "दहापैकी?"

"वीसपैकी, बाबा," मेव्हण्याने आगीत तेल ओतलं.

रुसलेल्यांची समजूत काढायचं बटण त्या गेममध्ये नव्हतं. सुपरवायझरने हात टेकले. साहेबांना बसवून बायकोला कप्तान केलं. सासऱ्यांना आता पुढे धावायचं होतं, त्यांना आघाडीवर घेतलं. गोलात उरला मेव्हणा. सामना सुरू झाला, ओळी सरकू लागल्या.

'मेव्हणा चेंडूकडे पाहतो. गोल.'

'मेव्हणा पुन्हा पाहतो. गोल.'

"अरे अडव की, मेल्या!" सासरे पडद्यावर ओरडले.

"बाबा, मी इथे बसलोय!"

'बायको एकटीच चेंडू नेते. गोल.' याचं मात्र कुणालाच नवल वाटलं नाही. तरीही संघ पाच-एक असा हरला. मग शेवटची ओळ आली: 'संचालक मंडळाने तुम्हाला काढून टाकले आहे. नवा मॅनेजर?'

तो काही बोलायच्या आत बायकोने बटण दाबलं.

पुढच्या मोसमात चषक तिने जिंकला. तो मन मोठं करून अभिनंदन करायला गेला, तेव्हा पडद्याच्या तळाशी त्याला एक ओळ दिसली: 'नवरा. विकणे आहे.'

"अगं, मला विकायला काढलंस?"

"मोसमभर काढलं होतं. कुणी विचारलंसुद्धा नाही." मान न वळवता तिने 'विकणे आहे' पुसून टाकलं. "मग म्हटलं, राहू दे. आपलाच आहे. आता माझा सामना आहे, बसा."

तो निमूटपणे बसला.