दार क्रमांक एक

"भाऊसाहेब, खुर्ची जरा भिंतीकडे घेता का? तुमच्या डोक्यावरची तुळई उतरवायचीय."

भाऊसाहेबांनी चालू ओळ पूर्ण केली, पेनाला टोपण लावले, खुर्ची भिंतीकडे ओढली आणि विचारले, "ही भिंत कधीपर्यंत आहे?"

"शुक्रवारपर्यंत," मुकादम म्हणाला.

"मग चालेल."

सकाळचे अकरा वाजले होते आणि कार्यालयाला छप्पर नव्हते. इमारत पाडायची नव्हती, उतरवायची होती. यंत्र नाही, घण नाही. सहा माणसे, पहारी, दोर आणि भरपूर धीर. जे निघेल ते दुसऱ्या कुणाच्या तरी घराला लागणार होते. दारे-खिडक्या पहिल्याच दिवशी निघाल्या, कारण गडबडीत त्याच आधी मोडतात. मग कौले, मग वासे आणि तुळया, मग विटा, सगळ्यांत शेवटी जमिनीच्या फरशा. या क्रमात जुन्या नोंदी सांभाळणारा एक कारकून कुठे बसवायचा, हे मुकादमाला तीस वर्षांच्या धंद्यात कुणी शिकवले नव्हते.

कार्यालयात अठरा माणसे होती. त्यांतली सतरा महिनाअखेरीला नव्या इमारतीत गेली. यादीत भाऊसाहेबांचे नाव नव्हते. त्यांनी विचारले तेव्हा साहेब खोक्यांच्या गराड्यात उभे होते.

"तुमची ऑर्डर वेगळी निघतेय," साहेब म्हणाले. "बदलीचा अर्ज केलाय ना? या वेळी बहुतेक होतंय काम. टपालाने येईल, इथल्याच पत्त्यावर. तोवर जागा सोडू नका. गैरहजेरी लागली तर होत आलेली बदली रद्द करतील."

भाऊसाहेब जागा सोडणाऱ्यांतले नव्हते. अकरा वर्षे ते हा अर्ज करत होते. बायको सहा तासांवरच्या गावी शाळेत शिक्षिका, मुलगी तिच्यापाशी. शनिवारी जायची बस, रविवारी परतीची बस. मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा त्यांना 'रविवारचे बाबा' म्हणायची. आता चौदा वर्षांची झाली होती आणि असले काही म्हणत नसे; त्यांची पिशवी बसपर्यंत उचलून आणत असे. बायकोने सुरुवातीला कपाटातला एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा ठेवला होता. चौथ्या वर्षी त्यात मुलीच्या वह्या गेल्या. तात्पुरत्या.

दोन तारखेला मुकादमाची माणसे आली. मुकादम चौकटींवर खडूने फुल्या मारू लागला, ते पाहून भाऊसाहेबांना राहवले नाही.

"नुसत्या फुल्या? कुठलं दार कुठल्या चौकटीचं, हे उद्या कसं कळणार?"

"लावून बघतो. बसलं की बसलं."

"द्या तो खडू."

दुपारपर्यंत प्रत्येक दाराला, चौकटीला आणि झडपेला वळणदार अक्षरात क्रमांक मिळाला. मुख्य दार अर्थातच क्रमांक एक. माणसे त्याच्यावरची कार्यालयाची पाटी आणि टपालपेटी उपटायला निघाली, तेव्हा भाऊसाहेब आडवे आले.

"सुटं करू नका. पाटी, पेटी, दार, चौकट, सगळं मिळून क्रमांक एक. एकदा सुटं झालं की पुन्हा जुळत नाही."

मुकादमाने मान डोलावली. आपल्या कामाला कुणी पद्धत लावतेय, याचा त्याला आनंदच झाला. क्रमांक एक चौकटीसकट गाडीवर चढले आणि रस्त्याच्या टोकाला, मुकादमाच्या वखारीबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे उभे राहिले.

पुढचे तीन आठवडे भाऊसाहेब रोज साडेदहाला येऊन हजेरीपुस्तकात सही करत आणि शेऱ्याच्या रकान्यात जे असेल ते लिहीत. 'आज छप्पर नव्हते.' 'आज पूर्वेकडील भिंत नव्हती.' ऊन वाढले की छत्री उघडत. कागदांवर विटा ठेवत; विटांना तोटा नव्हता. शेजारी एक मावशी दगडावर बसून वाकडे खिळे हातोडीने सरळ करत असे.

"एवढी कुणाची वाट बघताय, भाऊसाहेब?"

"पत्राची."

"घरच्या?"

"सरकारच्या."

मावशीने एक खिळा डोळ्यासमोर धरून पाहिला. "घरच्याची बघावी. माणूस निदान ओशाळतं तरी."

दुपारी बायकोचा फोन येई. दोघांची एक ठरलेली उजळणी झाली होती.

"आज काय गेलं?"

"दक्षिणेकडची भिंत."

"आणि पत्र?"

"नाही."

"बरं," ती म्हणे, आणि थोडा वेळ दोघेही फोन ठेवत नसत. त्या बाजूने शाळेची घंटा ऐकू येई, या बाजूने मावशीची हातोडी. पत्र आले नाही याचे भाऊसाहेबांना नवल वाटत नव्हते. जे अकरा वर्षांत आले नाही, ते तीन आठवड्यांत का यावे?

तेवीस तारखेला भिंती संपल्या. टेबलाखालच्या चार फरशा तेवढ्या उरल्या होत्या आणि मुकादम त्यांच्याकडे बघत घुटमळत होता. पण तो फरशांसाठी आला नव्हता.

"भाऊसाहेब, क्रमांक एकला गिऱ्हाईक आलंय. परसातल्या न्हाणीघराला हवंय. तेवढी पेटीची किल्ली द्या ना. आत कसले कागद कोंबलेत, दार हलवलं की सळसळ होते."

भाऊसाहेबांचा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. "रिकामी करून दिली होती पेटी. दोन तारखेला. मी स्वतः."

"मग पोस्टमनने टाकले असतील."

"कुठल्या पोस्टमनने?"

"नवाच आहे कुणीतरी. इकडे विटांनी रस्ता अडलाय, म्हणून वखारीपासूनच मागे वळतो. रोज त्या दारापाशी थांबायचा. मला वाटलं, घर बांधत असेल बिचारा."

भाऊसाहेब जुडगा उचलून वखारीपर्यंत पळाले. त्यांना पळताना त्या रस्त्यावर आजवर कुणी पाहिले नव्हते. पेटी उघडताच एकवीस दिवसांचे टपाल त्यांच्या पायांवर सांडले. तळाशी तो लिफाफा होता. बदली मंजूर. आदेशाची तारीख तीन. एकवीस दिवसांत, म्हणजे चोवीसला, कार्यालय उघडताना रुजू व्हावे, अन्यथा आदेश रद्द समजावा.

"उद्याच की," मावशी म्हणाली. ती हातोडीसकट मागे मागे आली होती.

"चारची बस आहे," भाऊसाहेब म्हणाले आणि पुढचे वाचून थांबले. मग त्यांनी ते मोठ्याने वाचले. "'कार्यालयाच्या इमारतीस कुलूप लावून किल्ली जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात द्यावी व त्याची पोच सोबत आणावी. पोचेशिवाय रुजू करून घेतले जाणार नाही.'"

सगळ्यांनी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि एक छत्री होती.

"लिहून टाका, लावलं कुलूप म्हणून," मुकादम म्हणाला. "मी सही करतो. कोण बघायला येतंय?"

"मुकादम, सव्वीस वर्षांत मी न घडलेलं लिहिलेलं नाही."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. भाऊसाहेबांनी सगळे सांगितले.

"अहो, या ना निघून," ती म्हणाली. "काय ते नंतर बघू."

"नंतर बघायला लावतील आणि परत पाठवतील. आता परत जायला नको वाटतं गं."

"मग करा काय करायचं ते. मी कप्पा रिकामा करतेय."

फोन ठेवल्यावर भाऊसाहेब दारासमोर नुसतेच उभे राहिले. मुकादमाने त्यांच्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि माणसांना हाक मारली.

गिऱ्हाईक चपापले. "अहो, हे दार मला दिलंय ना तुम्ही?"

"दिलंय. तासाभरात नेऊन लावा. आज तेवढं सरकारला लागतंय."

सहा जणांनी क्रमांक एक चौकटीसकट परत आणले. उंबरठ्याची जागा शोधायला वेळ लागला नाही. एवढ्या वर्षांच्या पावलांनी तिथे जमीन खोलगट झाली होती. चौकट उभी केली, दोन्ही अंगांनी बांबूचे टेकू दिले, दार चढवले. ते बसले. मुकादमाने खडूच्या आकड्याकडे एकदा आदराने पाहिले.

साडेतीन वाजता भाऊसाहेबांनी हजेरीपुस्तकात शेवटची सही केली. छत्री मिटली. बाहेर पडताना सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. बटण नव्हते, भिंतही नव्हती, तरी हात क्षणभर तिथेच थांबला. मग ते दारातून बाहेर आले, दार ओढून घेतले, कुलूप लावले आणि रोजच्यासारखे तीनदा ओढून पाहिले. किल्ली मुकादमाच्या हातात ठेवली. मुकादमाने पोचेवर सही केली, सावकाश, पूर्ण नावाने.

"बराय," भाऊसाहेब म्हणाले. दोन पावले गेले आणि वळले. "माझी पिशवी."

पिशवी टेबलाखाली होती, बंद दाराच्या पलीकडे, उघड्या मैदानात, सगळ्यांना दिसेल अशी. मावशी चौकटीला वळसा घालून ती आणायला निघाली.

"थांब गं," मुकादम म्हणाला. "कुलूप लावलंय."

त्याने किल्ली परत दिली. भाऊसाहेबांनी कुलूप उघडले, उंबरठ्यावर पाय पुसून आत गेले, पिशवी घेतली, बाहेर आले, दार ओढले आणि कुलूप पुन्हा तीनदा ओढून पाहिले. तोवर सगळी माणसे दाराच्या अलीकडे उभी होती. ज्यांच्या पहारी आत राहिल्या होत्या, तीसुद्धा.